आता लागत नाही

३ तारीख, सोमवार

पोचलो. दोन ट्रंका, एक सूक्ष्मदर्शक आणि ही कोरी वही एवढंच सामान. जागा पाहून मन प्रसन्न झालं, हे कबूल करतो; कबूल करण्याजोगं माझ्या बाबतीत फार काही घडत नाही. अवजारांच्या कोठीवर दोन खोल्या मिळाल्या आहेत. जिना कोठीतूनच वर येतो. खिडकीला गज आहेत, पण ऊन भरपूर, आणि खाली सगळी परसबाग डोळ्यांखाली. समोरासमोर बारा-बारा घरांच्या दोन ओळी, मध्ये लांबट जमीन, तिच्यात दहा वाफे आणि टोकाला विटांनी बांधलेला, कंबरभर कुंपण घातलेला मोठा खतखड्डा. चोवीस घरांतला ओला कचरा खड्ड्यात, खड्ड्यातलं खत वाफ्यांत, वाफ्यांतली भाजी परत चोवीस घरांत. कल्पना वाईट नाही. माणसं वाईट आहेत. म्हणजे दुष्ट नव्हेत. दुष्टपणाला डोकं लागतं.

स्वागताला अध्यक्षबाई आल्या होत्या. सात नंबरच्या घरात राहतात. डोक्यावर सुपाएवढी गवती टोपी. चौदा वर्षं मातीच्या प्रयोगशाळेत घालवलेल्या माणसाला त्यांनी माती म्हणजे काय हे वीस मिनिटं समजावून सांगितलं. त्यांचे यजमान, निवृत्त घड्याळजी, मागे पाण्याचा पेला घेऊन उभे होते. बाईंचा घसा कोरडा पडला की पेला पुढे. चिटणीस नावाचा गृहस्थ शिंक आली तरी ठराव करून शिंकत असावा. त्याने माझ्या नेमणुकीचा ठराव उभ्याने वाचला: परसबाग व्यवस्थापक. खड्डा शास्त्रशुद्ध चालवायचा आणि महिन्याच्या शेवटी अहवाल द्यायचा. खड्ड्याची राखण करायला एक म्हातारा आहे, त्याला सगळी वसाहत गांडूळकाका म्हणते. तो बोलला नाही. त्यामुळे आजच्या मंडळींत तोच त्यातल्या त्यात बरा.

प्रयोगशाळा मी गाढवांना कंटाळून सोडली. गाढवांचं म्हणणं थोडं वेगळं आहे. पण ही नोकरी मी त्यांच्या नाकावर टिच्चून घेतलेली नाही, भिंगरीसाठी घेतली आहे. भिंगरी माझी मुलगी. वय आठ, एका जागी दोन मिनिटं ठरत नाही म्हणून भिंगरी. तिची आई तीन वर्षांपूर्वी तिला घेऊन वेगळी राहायला गेली. म्हणाली, तुझ्यासमोर बसून जेवलं तरी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. आता तिची अट एवढीच की मला स्थिर नोकरी आणि धड जागा हवी, मग सुट्टीचा महिना भिंगरी माझ्याकडे. चोवीस तारखेला सकाळी साडेदहाच्या बसने आई तिला बसवून देणार, मी थांब्यावर उतरवून घेणार. मला सहन होईल असं या जगात एकच माणूस आहे आणि त्याचा वरचा दात हलतोय.

वहीचा नियम जुनाच: रोजचं दुपारी लिहायचं, समासात खड्ड्याचं तापमान टिपायचं आणि मागची पानं उलटायची नाहीत. कालचं वाचून गळा काढणं हा हळव्या लोकांचा उद्योग.

५ तारीख, बुधवार

आज सकाळी सात वाजता वसाहतीचा रोजचा तमाशा पाहिला.

प्रत्येक घरातून एकजण बादली घेऊन येतो. रांग लागते. गांडूळकाका दाताळं घेऊन खड्ड्याच्या तोंडाशी उभा. ज्याचा नंबर येईल त्याने बादली तिरकी धरायची आणि मोठ्याने सांगायचं की हे काय आहे, आणि मग तीन शब्द: आता लागत नाही. ते झाल्याशिवाय म्हातारा दाताळं आडवं धरून ठेवतो. एका बाईने बटाट्याच्या सालांबद्दल असं सांगितलं की हे आमच्या सासूबाईंचं, आता लागत नाही. सासूबाई गॅलरीत उभ्या राहून ऐकत होत्या. म्हाताऱ्याने दाताळं हलवलं नाही. बाई गडबडल्या, चूक दुरुस्त केली, हे बटाट्याचं साल, सासूबाईंनी काढलेलं. मग दाताळं बाजूला झालं.

मी गांडूळकाकाला विचारलं हे काय खूळ आहे. त्याचं म्हणणं असं, की टाकण्याआधी माणसाने एकदा विचार करावा. खड्डा सांगितलं तेवढंच घेतो. वस्तूचं नाव घेतलं तर वस्तू घेतो, माणसाचं घेतलं तर माणूस. म्हणून कुणाचं नाव उगाच घेऊ नये आणि दुसऱ्याच्या वतीने तर मुळीच बोलू नये. हे तो इतक्या शांतपणे म्हणाला, जसं काही आज वारा पूर्वेकडून आहे. मी वहीच्या समासात लिहिलं: अडाणीपणा, तीव्र.

माझ्या बादलीत चहाचा चोथा आणि दोन केळ्यांची सालं होती. मी न बोलता टाकायला गेलो, दाताळं आडवं आलं. हातघाईवर येण्यापेक्षा चोथ्याच्या वतीने तीन शब्द बोललो. मागच्या रांगेत पसंतीची कुजबुज झाली. माझी नाही, चोथ्याची.

तापमान ५८. चांगलं आहे.

८ तारीख, शनिवार

खड्ड्याबद्दल एक गोष्ट मान्य करावी लागते. ओला कचरा, वर सुकी पानं, पुन्हा ओला, अशा थरांचं खत व्हायला दीड-दोन महिने लागतात. इथे चार दिवसांत तळाशी काळंभोर, भुसभुशीत, जंगलासारखा वास असलेलं खत तयार होतं. चाळायची गरज नाही. वाफ्यात घातलं की दुसऱ्या दिवशी शेंगा भरतात, वांगी तकतकीत होतात. असं होऊ शकत नाही. मी तीन नमुने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, जंतू नेहमीचेच, फक्त अधाशी. अध्यक्षबाईंना याचं आश्चर्य नाही. त्यांच्या मते आम्ही प्रेमाने टाकतो म्हणून. प्रेमाचं नत्र किती टक्के, असं विचारल्यावर त्यांनी यजमानांकडून पाणी मागून घेतलं.

सुताराला भिंगरीसाठी लहान पलंग सांगितला. माझ्या छातीपर्यंत हात ठेवून तिची उंची दाखवली. सुताराने मापाची पट्टी काढली, मी म्हटलं पट्टी राहू दे, माप माझ्या हाताला पाठ आहे. आज तिच्या आईच्या फोनवर बोलली. दात दोऱ्याने ओढायचा की सफरचंद खायचं, यावर माझं शास्त्रीय मत हवं होतं. सफरचंद म्हणालो.

तापमान ६१.

१२ तारीख, बुधवार

आज मजा आली.

सकाळी रांगेत सगळ्यांसमोर अध्यक्षबाईंनी मला झापलं. मी तापमापी खुपसतो ते त्यांना पटत नाही. झोपलेल्याच्या कानात काडी घालण्यासारखं आहे म्हणे. मी म्हटलं, खड्डा झोपलेला नाही बाई, तुमची समिती झोपलेली आहे. बोलता बोलता त्यांच्या त्या सुपाची कड कुंपणाच्या तारेत अडकून टरकन फाटली. त्यांनी टोपी काढून कुंपणावर अडकवली आणि पाय आपटत घरी गेल्या. यजमान पेला घेऊन मागोमाग.

मी टोपी उचलली. गवतच ते, उत्तम सुका कचरा. गांडूळकाका पाणी आणायला गेला होता. दाताळ्याला टेकून मी भाषणाच्या थाटात बोललो: या आमच्या अध्यक्षबाई! आता लागत नाहीत! दोघेतिघे हसले. चिटणीससुद्धा हसला, ठराव न करता. टोपी आत गेली.

म्हातारा परत आला तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं. त्याच्या हातातली बादली खाली पडली आणि माझ्या चपला भिजल्या. माझ्याकडे त्याने असं पाहिलं, जणू मी त्याचं घर पेटवलंय. म्हातारा चळला आहे.

दुपारी बारा वाजता तापमान ८१. हे शक्य नाही, सत्तरीच्या पुढे जंतू मरतात. तापमापी बिघडली असणार.

१३ तारीख, गुरुवार

या वसाहतीला अध्यक्ष नाही! आज चिटणीसाकडे सह्यांसाठी गेलो तेव्हा कळलं. पद म्हणे पहिल्यापासून रिकामं. चोवीस घरांत एक माणूस सापडू नये, यावरून काय ते समजावं. मला विचारतील तर नाही म्हणेन, पण विचारायला हवं होतं.

सात नंबरचा घड्याळजी एकटाच राहतो. सकाळी रांगेत दोन बादल्या घेऊन आला, दुसरी रिकामी. कशाला आणली, ते त्याला सांगता येईना. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करून माणसाला वेळेचं भान राहत नाही, हे विनोदी आहे.

तापमान ६०. तापमापी आपोआप सुधारली.

१५ तारीख, शनिवार

भिंगरीचं पार्सल आलं! काडेपेटीएवढं, खाकी कागदात गुंडाळलेलं. कागदावर माझं नाव तिच्या अक्षरात, शेवटचं अक्षर जागा न पुरल्याने खाली लोंबकळत. पाठवणाऱ्याच्या जागी तिने नाव न घालता भिंगरीचं चित्र काढलंय, पाच पात्यांची, एक पातं लांडं. आत खरंच काडेपेटी, काडेपेटीत कापूस, कापसात दात. फोनवर म्हणाली, सफरचंदाने पडला, म्हणून तुझा. हसली तर फटीतून शिट्टी वाजली. ती मुद्दाम वाजवते.

काडेपेटी टेबलाच्या खणात ठेवली. फटीतून आलेली ती शिट्टी दिवसभर कानात आहे. नऊ दिवस राहिले. इथल्या येडपटांमुळे माझा मूड जात असला तरी आज गेला नाही.

१७ तारीख, सोमवार

रांगेत घाईत होतो. खड्ड्यात ओलं फार झालंय, सुका कागद हवा, म्हणून खोलीतले सगळे कागद गोळा केले. पुड्यांचे, जुन्या पत्रकांचे आणि पार्सलचा तो खाकी कागदही. खाकी कागद फार छान कुजतो. म्हाताऱ्याने बारा तारखेपासून माझ्याशी बोलणं टाकलंय, पण चित्र पाहून दाताळं आडवं घातलं. हे काय, विचारलं. मी वैतागून म्हटलं, हे माझ्या मुलीचं, आणि आता लागत नाही, झालं समाधान? त्याने दाताळं काढलं नाही. दोन्ही हातांनी धरून ठेवलं. नीट बोला, कागद म्हणा, असं काहीतरी पुटपुटला. मागे लोक खोळंबले होते. मी दाताळं हिसकावलं आणि कागद टाकले. चौदा वर्षं प्रयोगशाळेत काढून म्हाताऱ्याच्या परवानगीने कागद टाकायचे!

तापमान दुपारी ८३. पुन्हा बिघाड.

१८ तारीख, मंगळवार

डोकं जड. कंटाळा आलाय. इथे मी आलो कशासाठी, हेच आठवेना. नोकरी फडतूस, माणसं त्याहून.

तापमान ६०.

१९ तारीख, बुधवार

सुतार एक लहानसा पलंग घेऊन जिना चढला. मी सांगितला म्हणे! त्याला चांगलाच खडसावला. मी म्हटलं, मी एकटा माणूस, या पलंगावर माझे पाय ठेवू की डोकं? सुतार हटून बसला, छातीपर्यंत हात नेऊन दाखवत राहिला. शेवटी पलंग ठेवून घेतला. बियाणं वाळत घालायला बरा आहे.

टोमॅटो यंदा अफाट लाल. चार खाल्ले आणि उगीचच कुणालातरी भाषण ठोकावंसं वाटलं. घड्याळजी म्हणे रोज चहाचे दोन कप मांडतो, एक गार झाला की रडतो. लोकांना कामं नाहीत.

२१ तारीख, शुक्रवार

खड्ड्याच्या तळाचं नवं खत तिसऱ्या वाफ्यात पसरलं. तिथे वाटाणा आहे. गांडूळकाका मदतीला आला नाही, दाराला कडी लावून बसला. मी एकट्याने केलं आणि अर्थातच जास्त चांगलं केलं.

२२ तारीख, शनिवार

टेबलाच्या खणात काडेपेटी सापडली. आत माणसाचा दात! लहान, दुधाचा. आधीच्या भाडेकरूचे काय षोक असतील, देव जाणे. किळस आली. दात कुजत नाही, म्हणून सुक्या कचऱ्याच्या गोणीत टाकला.

हात तीनदा धुतले. मग का कोण जाणे, गोणीपाशी बराच वेळ उभा राहिलो.

२३ तारीख, रविवार

तिसऱ्या वाफ्याचा वाटाणा काढला. इतका गोड वाटाणा मी जन्मात खाल्ला नाही. कच्चाच, ओंजळी भरभरून. सगळ्या घरांत वाटला, तरी मी लपवून जास्त ठेवला. शेंग फोडताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. दिवसभर फोडत बसलो.

२४ तारीख, सोमवार

आज विचित्र झालं. भानावर आलो तेव्हा बसथांब्यावर उभा होतो. घड्याळात पावणेबारा. नवा सदरा घातलेला. खिशात गोळ्या, लिमलेटच्या. मी गोळ्या खात नाही. थांब्यावरचा तिकीटवाला म्हणाला, दहापासून उभे आहात, साडेदहाची बस येऊन गेली, कुणी उतरलं नाही.

मी त्याला म्हटलं, तुम्ही तुमचं काम बघा.

परत येताना रस्ताभर रडत होतो. कशासाठी ते कळत नव्हतं. असला बावळटपणा मी कधी केला नाही.

२५ तारीख, मंगळवार

अहवाल लिहायला बसलो. तापमानाचे आकडे समासात, म्हणून नियम मोडून मागची पानं उलटली. दोनच दिवस उसळी दिसते: बारा तारीख, ८१. सतरा तारीख, ८३. त्या दिवशी खड्ड्यात काय पडलं ते बघायला वाचू लागलो.

अक्षर माझं आहे.

अध्यक्षबाई कोण? गवती टोपीची बाई मला आठवत नाही. सात नंबरमध्ये बाई नाही. माझ्या हाताने लिहिलंय की आहे. तिने मला झापलं, मी टोपी टाकली आणि दुसऱ्या दिवशी मीच लिहिलं की पद पहिल्यापासून रिकामं.

आणि सतरा तारीख —

पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं. मला मुलगी आहे. आठ वर्षांची आहे. मला मुलगी आहे असं या वहीत लिहिलंय, आणि मला आठवत नाही. तिचं खरं नाव मी कुठे लिहिलेलंच नाही. सगळीकडे भिंगरी, भिंगरी. असा कसा मी बाप?

पलंग. बस. लिमलेट.

दात.

गोणी उपसली. तळाशी होती काडेपेटी. हा दात आता मुठीत आहे. वाचून कळतं, आठवत नाही. कुणाचा चेहराच डोळ्यांपुढे येत नाही.

२६ तारीख, बुधवार

तिच्या आईला फोन केला. विचारलं, भिंगरी कुठे आहे. ती म्हणाली, कोण? मी सगळं सांगितलं, दात, सफरचंद, साडेदहाची बस. मग माझ्याशी इतक्या मायेने बोलली, जितक्या लग्न झाल्यापासून बोलली नसेल. म्हणाली, आपल्याला मूल असतं तर कदाचित मी राहिले असते. बरं वाटत नसेल तर डॉक्टरकडे जा.

तिच्या घरात एक खोली रिकामी आहे म्हणे. तिला ती कशासाठी घेतली ते आठवत नाही.

२७ तारीख, गुरुवार

गांडूळकाकाच्या दाराशी जाऊन बसलो. दोन तासांनी कडी काढली. त्याला वही वाचून दाखवली. तोही कुणाला ओळखत नव्हता, पण त्याला नवल वाटलं नाही. त्याच्या उंबऱ्याजवळ भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत. ज्या दिवशी खड्डा तापतो त्या दिवशी तो रेघ ओढतो. कुणासाठी ते दुसऱ्या दिवशी त्यालाही सांगता येत नाही. एकोणीस रेघा मोजल्या.

परत कसं मिळवायचं, विचारलं. तो म्हणाला, तसं विचारायला आजवर कुणी आलंच नाही. टाकणाराच विसरतो, मग मागायला कोण येणार? लिहून ठेवणारे तुम्ही पहिले. खत झालेलं परत साल होत नाही एवढं मला माहीत आहे. पण निदान तुम्हाला माहीत आहे की ती होती. तेवढी ती आहे.

तेवढी. म्हणजे या वहीएवढी.

मग त्याने विचारलं, ते खत कुठे घातलं? मी सांगितलं, तिसरा वाफा. वाटाणा.

त्याने तोंड फिरवलं.

२३ तारखेचं पान पुन्हा वाचलं. ओंजळी भरभरून. लपवून जास्त ठेवला. माझ्या अक्षरात.

२८ तारीख, शुक्रवार

भर दुपारी खड्डा उकरला. कोट काढून कुंपणावर टाकला आणि उतरलो. पाय भाजले. छातीइतकं खोल गेलो. काळं खत, गरम, सुंदर. कागदाचा कपटा नाही. तिसरा वाफाही उपटला. मुळाशी काही नाही.

ओरडत होतो की ती लागते, मला लागते, परत द्या. सगळी वसाहत गोळा झाली. कुणी आत उतरलं नाही. चिटणीसाने वही काढून लिहून घेतलं. मी त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. सगळ्यांनाच बोललो. पंचवीस दिवस हेच करतोय. मागची पानं वाचली ना — ज्याला त्याला येडपट, अडाणी, चळलेला. हा कामाचा नाही, ती कामाची नाही. मी जन्मभर हे तीन शब्दच बोलत आलोय. फक्त खड्ड्याशी उभा नव्हतो.

२९ तारीख, शनिवार

कोठीला बाहेरून कुलूप. अवजारं वाचवायला, असं चिटणीस खिडकीखालून म्हणाला. उद्या सकाळी सभा, मग उघडू. जिना कोठीतून. मी आत.

घड्याळजी खिडकीखाली आला होता. त्याला तीन तारखेचं पान वाचून दाखवलं, गवती टोपी, पाण्याचा पेला. माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा, म्हणून जमली नाही. त्याला वाटलं मी त्याच्या दोन कपांची थट्टा करतोय. तसाच निघून गेला.

वहीत रोज एकदा तिची पानं वाचायची. विसरलो तर पुन्हा वाचायची. मी आहे तोवर वाचणारा आहे.

कोट अजून कुंपणावरच आहे.

३० तारीख, रविवार. सकाळ

सात. सगळे बादल्या घेऊन. सभा खड्ड्यापाशीच. महिनाअखेर, कुंपणावर राहिलेलं सगळं आत टाकायचं, असा यांचा नियम. माझा कोट —

चिटणीस ठराव वाचतोय. ऐकू येतं. व्यवस्थापकांची वागणूक बघता वसाहतीला ते आता —

नुसतं काढून टाकायचंय त्यांना मला. नोकरीवरून. कळत नाहीये त्यांना कुठे उभे आहेत. हातात कोट धरून वाचतोय मूर्ख — नाही, मूर्ख नाही, मूर्ख नको —

ओरडलो. वर पाहिलं आणि माना हलवल्या. माझं ओरडणं त्यांच्या सवयीचं.

गांडूळकाकाने दाताळं आडवं घातलं. विचारतोय सगळ्यांना. एकेकाला. हा माणूस कुणाला लागतो का. एकाने जरी हो म्हटलं —

बटाट्याच्या सालांची बाई. खाली बघते. सुतार. खाली बघतो. 

घड्याळजी वर बघतोय. माझ्याकडे. तोंड उघडलं. म्हणेल. म्हणा हो, मी तुमच्या पाया —

दुसरी बादली घेऊन निघून गेला.

मी गेलो तर तिला वाचणारं कोण? दात खिडकीच्या फटीत ठेवतोय. वही गादीखाली. ही टाकू नका. कागद आहे म्हणून टाकू नका.

दाताळं खाली आलं. कोट वर धरलाय. हे आमचे व्यवस्थापक —

मी लागत नसेन. खरंच नसेन. ती लागते. भिंगरी, आठ वर्षांची, फटीतून शिट्टी वाजवते, मुद्दाम. ज्याच्या हाती वही येईल त्याने मोठ्याने म्हणा, ही ला